मी बघायला गेलेली मुलगी

लग्नासाठी म्हणून मी आयुष्यात एकच मुलगी बघितली आणि तिने मला नकार दिला. आज आम्ही दोघी साठी ओलांडून बसलोय. तिचा डावा गुडघा गेलाय, माझा उजवा, म्हणजे दोघींचे मिळून दोन धड पाय होतात. पण त्या नकाराचा विषय निघाला की विजयाची मान अजून ताठ होते. "आख्ख्या आयुष्यात मी एकाच पुरुषाला नकार दिला," ती सांगते, "आणि तो पण पुरुष नाही निघाला!"

तेव्हा मी 'आलो, गेलो, जेवलो' म्हणत असे. इथे मात्र पहिल्यापासून 'आले, गेले, जेवले' असंच लिहिणार आहे. ज्यांना अडखळायला होईल त्यांनी अडखळावं, मी त्या काळात रोज अडखळत होते. माझं पाळण्यातलं नावही इथे येणार नाही. त्या नावाच्या मुलाने मला फारसा त्रास दिला नाही, बिचारा गप्प असायचा. पण आता त्याला कशाला उठवा.

घाटकोपरला टेकडीवर आमच्या दोन खोल्या होत्या. गिरणी बंद पडल्यावर बाबा फोर्टात एका ऑफिसात लिफ्टमन म्हणून लागले. दिवसभर माणसांना वर नेऊन सोडायचं आणि आपण रिकामं खाली यायचं, या कामाने ते फार अबोल झाले. त्यांच्या वाटचं बोलायचं काम आई करायची. आई मालवणकडची. मुंबईत इतकी वर्षं काढून तिच्या भाषेला मुंबईचा वाराही लागला नव्हता. आमच्या डोक्यावरून विमानं सांताक्रूझला उतरायची, इतकी खालून की पत्रा थरथरायचा आणि ताटातली सोलकढी हलायची. विमान आलं की टेकडीवरची सगळी बोलणी, भांडणं, रेडिओ, एकदम थांबत. आई शिवी देत असली तर तोंड तसंच उघडं ठेवून थांबायची आणि विमान गेलं की शिवी जिथे तुटली होती तिथून पुढे चालू करायची. एक अक्षर वाया जाऊ द्यायची नाही.

जेवणाचं सांगायचं तर घरात पैसा नसला तरी बांगडा असायचा. कुळथाची पिठी, उकडा भात, बांगड्याचं तिखलं, आणि गणपतीच्या आसपास तिचे घावणे, इतके पातळ की पलीकडचं दिसावं. सकाळी पाट्या-वरवंट्याचा आवाज, मग नळावरच्या हंड्यांचा, मग आईचा. या तीन आवाजांत मी मोठी झाले.

मला आता तरुण पोरी कार्यक्रमाला बोलावतात आणि माईक देऊन विचारतात, "ताई, लहानपणी आईच्या साड्या लपून नेसायच्या का हो?" त्यांना मी हो म्हणायला हवं असतं. मी खरं सांगते. नाही. आईच्या साड्यांचे रंग मला कधीच पसंत नव्हते. सगळ्या चहात बुडवून काढल्यासारख्या. मी शेजारच्या काकूंच्या नेसायचे.

कॉलेज अर्धवट सोडून मी अंधेरीला कपड्यांच्या कारखान्यात लागले होते. कापड कापायचं काम. परदेशी बायकांचे फ्रॉक कापता कापता मला बरं वाटायचं. पण माझं चालणं, हात हलवणं, हसताना तोंडावर हात घेणं, हे टेकडीवर लोकांच्या डोळ्यांवर यायला लागलं होतं. आईचा धाकटा भाऊ दत्तूमामा याने उपाय काढला: लग्न. आमच्याकडे पोरगा दारू प्यायला लागला तर लग्न, काम करत नसला तर लग्न, फार बोलत असला तर लग्न, अगदीच बोलत नसला तरी लग्न. सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी.

मी तयार का झाले? नाही म्हणायला काही कारण सांगावं लागतं, आणि माझ्या कारणाला तेव्हा शब्दच नव्हता. जे शब्द होते त्या शिव्या होत्या. शिवाय कुठेतरी असंही वाटत होतं की होईल, जमेल, सगळ्यांचं जमतं.

तर आम्ही चौघं विलेपार्ल्याला गेलो. पार्ल्यात तेव्हा बिस्किटं भाजल्याचा वास सगळ्या गल्ल्यांतून फिरायचा आणि मुलीचे वडील त्याच कारखान्यात होते. पोह्यांबरोबर बशीत तुकडा बिस्किटं आली. मामाने चहात बिस्किट बुडवून "स्थळ चांगलं आहे" अशी भुवई उडवली. मग मुलगी आली. उंच, सावळी, जराशी चिडलेली, मोरपंखी साडीत. मी बघतच राहिले. तिची आई आनंदली, माझी आई आनंदली, मामाने खाकरून घेतलं. पोरगा पाघळला असं सगळ्यांना वाटलं. मी तिच्या निऱ्या बघत होते.

"विचारा ना काहीतरी मुलीला," तिचे वडील म्हणाले. "लाजू नका."

माझ्या तोंडून गेलं, "फॉल कुठून लावून घेतला?"

आईने साडीच्या आडून माझ्या पायावर अशी टाच दिली की अंगठा काळानिळा झाला. मामा घाईघाईने हसला आणि म्हणाला, "कपड्याच्या लाइनीत आहे ना आमचा! पोरांना जरा गच्चीवर बोलू द्या."

गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वर पाठवताना तिच्या आईने कावळे हाकलायला एक काठी दिली. ती काठी विजयाने धरली आणि कठड्याला टेकून सरळ विचारलं, "तुम्ही मघाशी मला बघत होता की साडीला?"

"साडीला."

"वाटलंच. कशी आहे?"

"साडी झकास आहे. निऱ्यांची वाट लागलीय. सगळा गोळा डावीकडे गेलाय."

तिने खाली बघितलं. "आईने घाईत नेसवली. तुम्हाला बरं कळतं यातलं."

"मला नेसता येते."

"नाटकात वगैरे काम करता?"

"नाही."

"मग?"

मग मी सांगितलं. काय शब्द वापरले ते आज आठवत नाही. मी मुलगी आहे असं म्हणाले असेन, किंवा मला मुलगा होताच येत नाही, असं. ऐकणाऱ्याच्या त्यातून फार काही हाती लागलं असेल असं नाही. बोलताना मी कुरडयांकडे बघत होते एवढं आठवतं. एक कावळा येऊन अगदी निवांत एक कुरडई निवडून घेऊन गेला, आणि दोघींपैकी कुणी काठी उचलली नाही.

विजया आधी हसली. तोंडात पदर कोंबून, खांदे हलवत. मग एकदम थांबली आणि काठी खाडकन कठड्यावर आपटली.

"म्हणजे माझ्याशी लग्न करून माझ्या साड्या नेसणार होतास? आणि मी काय करायचं? बघत बसायचं?" 'तुम्ही' कधीच गेलं होतं. "तुला कळतंय का मला किती जण बघून गेलेत? उंच आहे म्हणून एक गेला. काळी आहे म्हणून एक गेला. एकाची आई म्हणाली, मुलगी नजर वर करून बोलते. आता तुला हो म्हटलं असतं घरच्यांनी. डोळे झाकून. आणि मी जन्मभर विचार करत बसले असते, माझ्यात काय कमी आहे."

मी रडायला लागले. ते बघून ती आणखी वैतागली. "आता रडू नको यार. काजळ लावलंयस की काय?"

"थोडंसं."

"बरं, नाव काय ठेवलंयस?"

"कुणाचं?"

"तुझं. मुलीचं. काहीतरी ठेवलं असशीलच ना."

हे मला तोवर जगात कुणी विचारलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "शैला."

"शैला?" ती किंचाळली. "अगं, शैला माझी आत्या आहे! मिशा आहेत तिला! दुसरं काहीतरी बघ."

ते 'अगं' तिच्या तोंडून असं सहज पडलं की तिचं तिलाही कळलं नाही. मला कळलं. आणि नाव मी हट्टाने तेच ठेवलं, मिशांसकट.

खाली मामाचा खाकरण्याचा आवाज यायला लागला. मी म्हटलं, मी खाली जाऊन नकार देते. विजयाने माझं मनगट पकडलं. "अजिबात नाही. मला नकार ऐकून ऐकून वीट आलाय. आज मी देणार. मला एकदा देऊन बघायचाय." मग जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "पण तू घरी खरं सांगायचंस. नाहीतर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्यातरी गच्चीवर दुसरी एक असेल. ती हसणार नाही, हो म्हणेल. मग तिची वाट लागेल आणि तुझीपण."

खाली येऊन तिने सगळ्यांसमोर, नजर वर करून सांगितलं, "मला मुलगा पसंत नाही."

तिच्या आईने कपाळावर हात मारला. वडील म्हणाले, "अगं पण का?"

विजयाने कारणाचा विचारच केला नव्हता. तिने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा फुर्र करून पितो."

मी चहाला हातसुद्धा लावला नव्हता. पुढे शाळेत नोकरी लागल्यावर तिने स्वतः बघून, घरच्यांशी भांडून एका सहकारी शिक्षकाशी लग्न केलं. तो माणूस चहा पितो तेव्हा शेजारचे खिडकी लावून घेतात. सुखाने नांदतायत.

इथे जरा थांबून आजचं सांगते, कारण म्हातारपणी आठवणी रांगेत येत नाहीत. मध्यंतरी मला लघवीचा त्रास सुरू झाला. बायकांच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि गोड हसून पुरुषांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कारण माझं ऑपरेशन चाळिशीनंतर झालं, त्यात नको ते काढलं, हवं ते केलं, पण प्रोस्टेट नावाची ग्रंथी आत तशीच राहते आणि म्हातारपणी हक्क सांगते. बोरिवलीच्या त्या दवाखान्यात रांगेत सगळे आजोबा. मी मधे, साडीत, आणि सोबतीला विजया. एक आजोबा सज्जनपणे म्हणाले, "बाई, लेडीज डॉक्टर वरच्या मजल्यावर आहेत." मी म्हटलं, "तिथूनच आले. त्यांनी खाली तुमच्यात पाठवलंय." विजया पर्स तोंडावर धरून इतकी हसली की नर्सने तिलाच आत जा म्हणून सांगितलं.

लोक मला धैर्याबद्दल विचारतात. मला विचाराल तर खरं दुःख वेगळं आहे. सोळा वर्षांची मुलगी मी कधी नव्हतेच. पंचविशीची नवरीही नाही. पुढे काही वर्षांनी घर सोडून मालाडला हिजड्यांच्या गुरूच्या घरी राहिले, टाळ्या वाजवल्या, शिव्या खाल्ल्या, नंतर चारकोपला शिलाईचं दुकान टाकलं, बायकांचे हार्मोन असतात म्हणून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या खाऊन अंग थोडं थोडं मऊ केलं (देशाची लोकसंख्या आटोक्यात ठेवण्यात माझाही वाटा आहे), आणि आरशात नीट बाई दिसायला लागले तोवर केस पांढरे. मी डायरेक्ट मावशीच झाले. आता डॉक्टरांनी रक्तदाबामुळे गोळ्या बंद केल्यात, तर अंगातून वाफा निघतात, भर डिसेंबरात पंखा लावून बसते. पाळी कधी आली नाही, पण ती जाण्याचा त्रास मात्र पुरेपूर मिळाला. पण एक सांगते, म्हाताऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही याचं बायकांना दुःख होतं म्हणतात, मला तो आराम वाटतो. आयुष्यभर वळून बघितलंय लोकांनी. आता बाजारात भाजीवाला माझ्याकडे न बघताच म्हणतो, "आजी, मेथी घ्या." त्या 'आजी'साठी मी नको असलेली मेथी घेते.

असो. घाटकोपरला परत येते. मला आठवडाभर धीर झाला नाही. पण मामा दुसरं स्थळ घेऊन आला, मुलुंडची मुलगी, शांत स्वभावाची, "कशालाच नाही म्हणत नाही" अशी. ते ऐकल्यावर मला राहवेना. मामा गेल्या गेल्या मी आईजवळ जाऊन बसले. ती बांगडे साफ करत होती. मी सांगितलं. एक विमान आलं आणि गेलं. आईने बांगड्याचं पोट साफ करून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ह्या त्या पार्ल्याच्या पोरीक म्हायत आसा?"

"हो."

"तिका आधी सांगितलंस? आणि माका आता?" ती ओरडली. "मी तुका जन्म दिलंय मेल्या, आणि ती कोण? कुरडया वाळत घालणारी!"

मी कशाकशाची तयारी केली होती. आई रडेल, मारेल, देवाला बोल लावेल. आपल्याला दुसरा नंबर मिळाला म्हणून ती रागावेल हे काही मला सुचलं नव्हतं. माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा यायचा तो त्या दिवसापासून बंद झाला, शेपटी यायला लागली. बाबांना तिने आतल्या खोलीत सांगितलं. ते बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, चप्पल घातली आणि टेकडी उतरून गेले. परत आले तेव्हा हातात कोथिंबिरीची जुडी होती. घरात कोथिंबीर होती.

आईकडून कळल्यावर मामाला मात्र बोलायला, अबोल बाबा आणि रागावलेली आई असं मोकळं मैदान मिळालं. कणकवलीच्या पुढे एका वाडीत एक भगत होता. तो असलं सगळं काढतो, मामा म्हणाला. धूर देतो, वेताने झोडतो, कोंडून ठेवतो, पण काढतो. मामाच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा त्याने असाच नीट केला होता. त्या मुलाला मी गावी बघितलं होतं. ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलेला असायचा, हाक मारली तर मान वळवायचा नाही. आई त्याच्या आईकडे बसायला जायची आणि परत येताना वाटभर बोलायची नाही.

रविवारी सकाळी मामा एसटीची तिकिटं घेऊनच आला. मला एकटीलाच नेणार होता. माझी पिशवी भरलेली होती. मी पळून जायचा विचार केला होता, पण कुठे पळायचं ते माहीत नव्हतं. आईने मामाला बसायला सांगितलं आणि म्हणाली, "आधी घरच्या देवाक गाऱ्हाणा घालूया. त्याने आयकला नाय, तर मगे तुझो भगत."

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे देवाला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं मागणं. एकाने सांगत जायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, म्हणजे ते सगळ्यांचं होतं. ते घालायचा मान घरातल्या पुरुषाचा. पण बाबा भिंतीला टेकून बसलेले उठेनात आणि मामाला आई तो मान देईना. शेवटी पदर खोचून तीच देवासमोर उभी राहिली. त्या दिवशी आमच्या घरात एकूणच पुरुषांची कामं पुरुषांकडे नव्हती.

नारळ ठेवला. आईने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! बारा वाटेच्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मामा जोरात म्हणाला.

"आज तुझ्या लेकरांनी तुझ्यासमोर नारळ ठेवलोहा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"घरादारार तुझी नजर आसा दे. कामाधंद्याक यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." मी पण म्हटलं. कामाधंद्याशी माझं भांडण नव्हतं.

आईचा आवाज जरा खाली आला. "ह्या माझ्या झिलाक सुदार. ह्या झिलाची वाट सरळ कर रे म्हाराजा!"

मामाने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी मी बोलले. मी ठरवलं नव्हतं. झील म्हणजे मुलगा, चेडू म्हणजे मुलगी, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं.

"झिलाक न्हय आये. चेडवाक."

आईने वळून बघितलं. "काय?"

"देवाला मुलगा शोधायला पाठवलंस तर त्याला तो सापडणार कसा? नाहीच आहे तो घरात. नीट सांग त्याला. चेडवाक म्हण."

मामा उठून उभा राहिला. "गे ताये, बघ, बघ काय बोलता ता! देवासमोर!"

आई माझ्याकडे बघत होती. मग तिने देवाकडे तोंड केलं, पुन्हा हात जोडले आणि दात आवळून, अगदी भांडण उकरून काढल्यासारखं म्हणाली, "ह्या माझ्या चेडवाची वाट सरळ कर रे म्हाराजा."

मामा गप्प. मी गप्प. गाऱ्हाण्याला कुणी हो म्हटलं नाही तर ते तिथेच अडकून राहतं, पुढे जात नाही.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

भिंतीला टेकलेले, डोळे मिटलेले. गाऱ्हाण्याच्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, की त्यांनी ऐकून म्हटलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते कोथिंबीर आणायला गेले असते.

आईने नारळ फोडला. पाणी तांब्यात धरलं, दोन्ही वाट्या बघितल्या, वास घेतला. मग मामाला म्हणाली, "दत्त्या, जा, तिकिटां परत देवन ये."

"गे ताये, पण—"

"पण काय? देवाक सांगान झाला, घोवान माझ्या व्हय म्हणान झाला. आता परत उबी ऱ्हवान देवाक सांगू, आमचा चुकला म्हणान? लाज नाय वाटाची?" आणि नारळाची एक वाटी माझ्या मांडीवर आदळत म्हणाली, "तू काय बघतस गो? खवणी घे. नारळ काय तुझो मामा खवतलो?"